मित्सुएचे हात

मित्सुए इगारीला आपली पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर बघवत नसे. गोल्फ खेळून पोट भरणाऱ्या बाईला हे व्यंगच म्हणायचं. खेळाडूनं पुढं चालावं, डोकं थंड ठेवावं, आणि कॅडीनं काठ्यांची पिशवी घेऊन मागनं यावं, ही त्या खेळाची रीत. मित्सुए मात्र प्रत्येक चढावर मागं वळून बघायची. कॅडी जरा धापा टाकताना दिसली की उलटी जाऊन पिशवीचा पट्टा धरायची. "द्या हो, एवढा चढ मी घेते." मग वर पोचेपर्यंत हिचाच श्वास फुललेला असायचा आणि चेंडू झाडीत जायचा. कॅडी बिचारी ओशाळून उभी राहायची.

यात मोठेपणा काही नव्हता. तिला बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. लहानपणापासून तिच्या पायाला भिंगरी होती. इरुमा नदीच्या बाजूला आमच्याकडं सगळे चहाचे मळे, त्यातल्याच एका मळ्यावर ती वाढली. एकदा सायकलच्या दुकानवाल्याचं स्थळ चालून आलं होतं. पाहुणे बसलेले असताना ती कितीदा उठली, याचा हिशेब त्या मुलाच्या आईनंच ठेवला असावा. चहा ओतायला उठली, उशी सरकवायला उठली, बाहेर वाळत घातलेले मोजे वाऱ्यानं पडतील म्हणून उठली. दुसऱ्या दिवशी निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण घरात वारं शिरल्यासारखं वाटतं. आईनं कपाळाला हात लावला. मित्सुएला सुटल्यासारखं झालं, आणि ती तशीच धावत कामावर गेली.

काम म्हणजे मात्सुकागे क्लबवर कॅडीचं. शाळा सुटली तशी ती तिथं लागली होती. युद्ध संपून काही वर्षं झाली होती, तोक्योचे साहेबलोक पुन्हा मोटारी घेऊन खेळायला येऊ लागले होते, आणि पिशव्या उचलायला आसपासच्या मळ्यांतल्या बायका होत्या. डोक्याला फडकं, त्यावर गवती टोपी, दोन्ही खांद्यांवर एकेक पिशवी. या बायकांची मुकादम होती तोकू सुनागा. बुटकी, काळीसावळी, पसरट पायांची. नवरा युद्धात गेलेला. तिचा आवाज असा की मैदानावरच्या अठरा होलांपैकी तिसऱ्यावर ओरडली तर अकराव्यावरची बाई ताठ व्हायची.

तोकूसानचं शिकवणं एकाच गोष्टीभोवती फिरायचं. "पाहुणा वाळूच्या खड्ड्यातनं बाहेर पडला ना, की वाळू अशी दिसली पाहिजे की इथं कुणी आलंच नव्हतं," ती सांगायची. खेळायला येणारा प्रत्येक जण तिच्यासाठी पाहुणाच. खेळात अडथळा म्हणून मुद्दाम केलेल्या या खड्ड्यांच्या कडेला दाताळं पडलेलंच असे. पाहुण्याची पाठ वळायचा अवकाश, दाताळं हातात, पावलांचे ठसे साफ. कुणाच्या फटक्यानं गवत उपटलं की लगेच कमरेच्या पिशवीतली वाळूमिश्रित माती त्या जागी. चिखल लागलेली काठी पुसूनच पिशवीत. आणि कुणी बाई हात सोडून उभी दिसली की तोकूसान म्हणायची, "तुझे रिकामे हात बघून माझ्या पोटात दुखतं गं."

मित्सुएचे हात तिनं कधीच रिकामे बघितले नाहीत. या एका पोरीवर तिचा जीव होता तो त्यामुळंच. तोंडानं ती कधी म्हणाली नाही. आमच्याकडं असलं तोंडानं म्हणत नाहीत. पण जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातला आंबवलेला आलूबुखार ती गुपचूप मित्सुएच्या भातावर ठेवायची.

खेळाचं वेड मित्सुएला कसं लागलं, हे सांगण्यासारखं फार नाही. सोमवारी क्लब बंद असे, आणि त्या दिवशी गवत खुरपायला आलेल्या बायकांनी काम झाल्यावर थोडे फटके मारले तर कुणी ओरडत नसे. बाकीच्या हसत-खिदळत मारायच्या आणि घरी जायच्या. मित्सुए अंधार पडेपर्यंत मारत राहायची, कारण घरी जाऊन बसायचं तर कसं? क्लबचे शिक्षक ओगिहारा सेन्सेई हे बरेच सोमवार बघत होते. एके दिवशी ते जवळ येऊन म्हणाले, "तुझा फटका चांगला आहे. पण तू चेंडूला घरातनं हाकलून दिल्यासारखी मारतेस."

"चुकलं का, सेन्सेई?"

"चुकलं असं नाही. फटका मारल्यावर जरा बघत तरी जा, कुठं गेला."

तिला बघायला वेळ नसे. चेंडू हवेत असतानाच ती चालू लागलेली असायची.

पुढं बायकांसाठी व्यावसायिक खेळाडूंची चाचणी निघाली. सेन्सेईंनी तिचं नाव घातलं, आणि ती पास झाली. त्या वेळी पास झालेल्या बहुतेक जणी अशाच होत्या, कुठल्या ना कुठल्या क्लबवर पिशव्या उचललेल्या, उन्हानं माना रापलेल्या. आता तिच्या टोपीवर नंबर नव्हता, पाठीवर दुसऱ्याची पिशवी नव्हती, आणि वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत का होईना, तिचं नाव येऊ लागलं. पण क्लबच्या व्हरांड्यातनं एखादा जुना सभासद ओरडला, "मित्सु, चहा!" की ती सराव टाकून आत धावायची.

ओगिहारा सेन्सेईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "अगं, तू व्यावसायिक खेळाडू आहेस. त्याला सांग, आत पोरी आहेत."

"हो सेन्सेई. पण ते वाट बघतायत."

"त्यांना बघू दे की वाट."

"मला नाही हो बघवत," ती म्हणायची, आणि ते अगदी खरं होतं.

याच कारणानं ती दुसरी यायची. एकदा नाही, लागोपाठ तीन वर्षं राष्ट्रीय अजिंक्यपदात ती दुसरी आली. फटक्यांत तिच्या तोडीची कुणी नव्हती, हे शत्रूदेखील कबूल करायचे. पण गोल्फमध्ये फटके थोडे आणि उभं राहणंच फार. दुसरीचा चेंडू होलमध्ये जाईपर्यंत थांबायचं, पुढचा गट हलेपर्यंत थांबायचं, पंच नियम बघेपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यात मित्सुएच्या जिवाची घालमेल व्हायची. ती उगाच गवत नीट करायची, हातमोजा काढायची, घालायची, कुणासाठी तरी होलमधल्या निशाणाची काठी धरायला धावायची. शेवटच्या काही होलांपर्यंत तिचा सगळा जीव त्यातच सांडून गेलेला असायचा. नागासे एइको नावाची एक बाई होती, कोबेकडची. उंच, सावकाश, बोलणंसुद्धा मोजून. ती दोनदा जिंकली ती केवळ उभी राहू शकत होती म्हणून, असं मित्सुएला वाटायचं, आणि ते तिला आतनं खात राहायचं. लोक तिला 'दुसरी इगारी' म्हणायला लागले. पहिली इगारी कुठं आहे, असं कुणी विचारलं की सगळे हसायचे.

पुढच्या वर्षीचं अजिंक्यपद मात्सुकागेवरच ठरलं. ऐकल्याबरोबर तोकूसान कॅडींच्या खोलीत उठून उभी राहिली. "हिची पिशवी मी घेणार. बाकी कुणी नाव काढायचं नाही."

तिची निवृत्ती वर्षाच्या आत आली होती. गुडघे बोलायला लागले होते. जिना उतरताना ती तिरकी होऊन उतरायची आणि कुणी बघत नाही ना, हे बघायची. सेन्सेईंना वाटलं, बरंच झालं, या म्हातारीच्या धाकानं तरी पोरगी जागेवर राहील. मला विचाराल तर तिथंच त्यांचं गणित चुकलं. अनोळखी कॅडी धापा टाकताना जिला बघवत नाही, तिच्यामागं जिनं तिला घडवलं ती बाई ठणकत्या गुडघ्यांनी चढ चढणार. मित्सुएचं लक्ष चेंडूकडं राहीलच कसं?

तरी ती दोन दिवस चांगली खेळली. तोकूसाननं पहिल्याच चढावर बजावलं होतं, "पट्ट्याला हात लावलास तर बोटं मोडीन." तिसऱ्या आणि शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर आली तेव्हा मित्सुए दोन फटके कमी मारून पुढं होती. तिचा आणि एइकोचा, दोघींचे चेंडू एकाच वाळूच्या खड्ड्यात पडले होते. एइकोचा चेंडू लांब, म्हणून ती आधी खेळली. तिची कॅडी निशाण धरायला आधीच वर होलभोवतीच्या हिरवळीवर गेलेली. एइको बाहेर पडली, आणि वाळूत तिच्या पावलांचे खोल ठसे तसेच राहिले.

तोकूसान अजून चढाच्या मध्यावर होती. पिशवी एका खांद्यावर, दुसरा हात मांडीवर दाबलेला. मित्सुएनं तिकडं एकदा बघितलं. मग वाळूकडं बघितलं. ही वर येणार, बाहेर जाता जाता वाकणार, दाताळं उचलणार, एवढे ठसे साफ करणार, त्या गुडघ्यांनी. दाताळं हाताशीच पडलं होतं. मित्सुएचे हात शिवशिवले आणि पुढचं तिला कळलंसुद्धा नाही. तिनं ते उचललं आणि एइकोचे ठसे चार ओढींत सारखे करून टाकले. तिच्या स्वतःच्या चेंडूपासून ते चांगले लांब होते. वाळू सुरेख दिसायला लागली.

कडेला उभे असलेले पंच जवळ आले. वयस्कर, सभ्य माणूस होता. त्यांनी टोपी काढली. "इगारीसान, तुमचा चेंडू खड्ड्यात असताना तुम्ही वाळूला हात लावलात. दोन फटक्यांचा दंड."

मित्सुएला काही उमजेना. तिच्याआधी एइकोच बोलली, "अहो, पण ते ठसे माझ्या पायांचे होते." एइकोनंही दहा वर्षं पिशव्या उचललेल्या. तिलाही यात काही चुकलंय असं वाटलं नव्हतं.

"कुणाचेही असोत," पंच म्हणाले. "यांच्या कॅडीनं आपण होऊन साफ केले असते तर नियमात बसलं असतं. खेळाडूनं करायचं नाही."

तोकूसान तेवढ्यात खड्ड्याच्या काठावर येऊन पोचली होती. तिनं शेवटची दोन वाक्यं ऐकली. पिशवी खाली ठेवून तिनं काठी काढून दिली आणि नजर दुसरीकडं वळवली. मित्सुए एका फटक्यानं हरली, आणि चौथ्यांदा दुसरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅडींच्या खोलीत शेगडीभोवती सगळ्या जणी बसल्या होत्या. तोकूसान मोजे घालत होती. मित्सुए दारात गुडघे टेकून बसली आणि जमिनीला डोकं लावलं.

"माझं काम तू कुणाला विचारून केलंस?" तोकूसान मोज्याकडंच बघत म्हणाली.

"तुम्ही अजून खाली होतात. तुमचे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांचं नाव काढू नकोस." खोलीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. "मी तुझ्याकडं आले होते का सांगायला, की बाई, मला झेपत नाही? वीस वर्षं या मैदानावर माझ्या पाहुण्याला कधी दाताळं धरायला लागलं नाही. काल अख्ख्या देशादेखत माझ्या खेळाडूनं धरलं. तुझा कप गेला, तो तुझ्या कर्मानं गेला. पण माझी लाज तू का घालवलीस?"

मित्सुएला तोंडात मारल्यासारखं झालं. दया दाखवली म्हणून कुणी एवढं दुखावेल, हे तिच्या गावीही नव्हतं. "पुढच्या वर्षी इथंच आहे," ती कशीबशी म्हणाली. "तुम्हीच घ्या पिशवी. मी हात लावणार नाही."

"पुढच्या वर्षी मी इथं नाही. आणि असते तरी, मला म्हातारी समजणारीची पिशवी मी घेत नाही." तिनं दुसरा मोजा ओढला आणि कामाला निघून गेली.

मार्चमध्ये तोकूसान निवृत्त झाली. फुलांचा गुच्छ मिळाला, साहेबांचं भाषण झालं, ती घरी गेली. मित्सुए त्या वसंतात एकही स्पर्धा धड खेळली नाही. झोप उडाली, जेवण उतरेना. दुसरी कॅडी घे, असं सेन्सेई सांगून थकले. "तुला कप हवाय की म्हातारी?" असं एकदा वैतागून म्हणाले. मित्सुएला दोन्ही हवं होतं. आणि एक मिळाल्याशिवाय दुसरं मिळणार नाही, एवढं तिला पक्कं कळून चुकलं होतं. तोकूसान मागनं चालत असताना जी स्वस्थ उभी राहू शकत नाही, ती कुठंच राहू शकत नाही.

मे महिन्यात ती तोकूसानच्या घरी गेली. गेली ती अगदी चहाच्या पहिल्या खुडणीत. आमच्याकडं त्या दिवसांत आजारी माणूसही अंथरुणात पडून राहत नाही. शाळेला सुट्टी, दुकानं अर्धी बंद, पाहुणा आला तरी त्याच्या हातात टोपली. तोकूसान, तिची सून आणि शेजारच्या दोघी-तिघी ओळींतनं खुडत होत्या. मित्सुएनं नमस्कार केला आणि सवयीनं बाह्या वर सारून टोपलीकडं वळली.

"ती खाली ठेव," तोकूसान म्हणाली. तिनं बांधावर एक चटई टाकली. "इथं बस. पाय मुडपून. हात मांडीवर."

"मी खुडायला मदत..."

"मदतीला बोलावलंय कुणी? पाहुणी आहेस. बस आणि बघ."

मित्सुए बसली. ऊन वर आलं. समोर एका म्हाताऱ्या बाईची पाठ वाकत होती, उठत होती, टोपली भरत होती. ती टोपली उचलून बांधापर्यंत आणताना तोकूसानच्या तोंडून बारीक कण्हणं निघायचं. दर वेळी मित्सुएचे गुडघे चटईवरनं सुटायचे, आणि दर वेळी तोकूसान न वळता म्हणायची, "बस." सुनेच्या चेहऱ्यावर तर लख्ख लिहिलेलं होतं, ही बया आली कशाला? वाटेनं जाणारा एक शेजारी थांबला. "काय हो तोकूसान, ही आजारी आहे का?"

"नाही. नामांकित खेळाडू आहे."

"मग हाताला काय झालंय?"

"तेच बघतोय आम्ही," तोकूसान म्हणाली, आणि शेजारणी फिस्कन हसल्या.

मित्सुएच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चहाच्या घरातली पोर, आणि पहिल्या खुडणीत चटईवर बसलीय. तिला तिची आई आठवली, आजी आठवली, भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दुपारी तिला रडू फुटलं. तरी ती बसली. रडत बसली, पण बसली. आणि रडून झाल्यावर पहिल्यांदाच तिला समोरची बाई नीट दिसली. तोकूसान दमलेली होती, कण्हत होती, हे खरं. पण तिची बोटं काय सफाईनं चालत होती. दोन पानं आणि एक कळी, दोन पानं आणि एक कळी, एकही पान चुरगळलेलं नाही. इतकी वर्षं मित्सुएनं या बाईचं कण्हणं तेवढं ऐकलं होतं. तिचं काम कधी बघितलंच नव्हतं.

संध्याकाळी तोकूसान चटईवर येऊन टेकली, घाम पुसला आणि किटलीतला चहा दोघींसाठी ओतला. मित्सुएनं किटलीकडं हात नेला नाही. तोकूसाननं ते बघितलं.

"कधी आहे ते तुझं?" तिनं विचारलं.

"ऑक्टोबरात."

"बरं," ती म्हणाली आणि चहा पिऊ लागली.

ऑक्टोबरातल्या त्या तीन दिवसांविषयी लोक आजही बोलतात, आणि बोलतात ते चुकीचं. मित्सुए चांगली खेळली, हे कुणी सांगत नाही. ती झाडासारखी उभी राहत होती. तोकूसान ठसे साफ करत होती, काठ्या पुसत होती, निशाण धरत होती, आणि मित्सुए हात सोडून बघत होती. आतनं तिची तडफड थांबली होती असं समजू नका. फक्त ती हातांपर्यंत येत नव्हती.

शेवटच्या होलवर ती एका फटक्यानं पुढं होती, मागं एइकोच. सकाळी पाऊस पडून गेलेला. हिरवळीकडं जायला तिथं उभा चढ आहे, त्यावर लाकडी ओंडके बसवून पायऱ्या केल्यात. मित्सुएचा चेंडू हिरवळीच्या अलीकडं गवतात होता आणि ती वर जाऊन त्याच्यापाशी उभी होती. तोकूसान पायऱ्या चढत होती. मध्यावर तिचा पाय ओल्या ओंडक्यावरनं सटकला. ती गुडघ्यावर आपटली. तो आवाज वरपर्यंत ऐकू आला.

दोरीपलीकडचे लोक हललेच. एक माणूस दोरी ओलांडून पुढं आला. तोकूसाननं पिशवीवरचा हात काढून त्याच्याकडं झटकला. "कुणी हात लावायचा नाही." मग तिनं मान वर करून मित्सुएकडं बघितलं.

"जा ना," एइको हळूच म्हणाली. "मी थांबते. पंचही थांबतील."

मित्सुए हलली नाही. तिच्या सगळ्या अंगानं खाली धाव घेतली होती, नुसते पाय तेवढे जागेवर राहिले होते. गर्दीतनं एका बाईचा आवाज आला, "कशी बाई आहे ही." दुसरा कुणीतरी म्हणाला, "कपासाठी माणसं काय काय होतात." तिनं ते ऐकलं. तोकूसान दोन्ही हात टेकून उठली, पिशवी खांद्यावर घेतली आणि चढू लागली. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. तिला वर यायला लागला तेवढा लांबलचक वेळ मित्सुएच्या आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

तोकूसान वर पोचली. चेहरा पांढरा पडलेला, ओठ आवळलेले. "कुठली देऊ?"

"नऊ नंबर."

तिनं काठी काढली, काखेतल्या फडक्यानं तिचं पातं पुसलं आणि दिली. "गवत नदीकडं झुकलंय. दोन हात डावीकडं टाक."

मित्सुएनं दोन हात डावीकडं टाकला. चेंडू उतरला, वळला, होलपासून हातभर अंतरावर राहिला. तोकूसाननं त्याच पायावर उभं राहून निशाण धरलं. चेंडू आत पडला. टाळ्या झाल्या, पण हात राखून झाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आला तो कपाचा फोटो नव्हता. चिखलात गुडघ्यांवर पडलेली म्हातारी कॅडी, आणि वर, मागं, हात खाली सोडून ताठ उभी असलेली विजेती. खाली फक्त नाव होतं. आणखी काही लिहायची गरजच नव्हती. सार्वजनिक न्हाणीघरात मित्सुए शिरली की बायकांचं बोलणं थांबायचं. आईनं फोटो तिच्यापुढं टाकून विचारलं, "हेच शिकवलं का आम्ही?" मित्सुए त्यानंतर पुष्कळ जिंकली, अजिंक्यपद आणखी दोनदा घेतलं. 'दुसरी इगारी' हे नाव गेलं आणि 'दगडी इगारी' हे आलं. जिला उभ्या जन्मात एक घटकाभर स्वस्थ बसता आलं नाही, तिला लोकांनी दगड केलं. हे आठवलं की माझं डोकं फिरतं. ती स्वतः मात्र कधी कुणाला काही सांगायला गेली नाही.

तोकूसानच्या गुडघ्याची वाटी तडकली होती. पडल्यावर कुणी तिथंच आधार दिला असता आणि ओझं घेऊन तिला वर चढू दिलं नसतं, तर ती जुळून आली असती, असं डॉक्टर म्हणाले. ते मित्सुएदेखतच म्हणाले. तोकूसान पुढं कायम काठी घेऊन चालली, मळ्यावर पुन्हा उतरली नाही. सून मित्सुएशी बोलायची नाही, दार उघडून बाजूला व्हायची. तरी मित्सुए स्पर्धा नसेल त्या प्रत्येक आठवड्यात जायची. दोघी शेगडीपाशी बसून टीव्हीवर सुमो बघायच्या आणि त्या दिवसाचा विषय काढायच्या नाहीत.

तो निघाला कितीतरी वर्षांनी, एका हिवाळ्यात, तोकूसान अंथरुणाला लागल्यावर. सून बाहेर गेली होती. मित्सुए उशाशी बसली होती आणि पांघरुणाची कड उगाच सारखी करत होती.

"तू झोपत नाहीस ना?" तोकूसाननं डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं. "डोळ्यांखाली बघ कसं झालंय."

"झोपते की."

"खोटं बोलू नकोस."

मित्सुएनं पांघरुणाची कड सोडून दिली. मग म्हणाली, "मी रोज उचलते तुम्हाला. डोळे मिटले की ती पायरी येते. मी धावत खाली जाते आणि उचलते. दर वेळी उचलते, तोकूसान. तिथं मी उभी राहत नाही. मी यायला हवं होतं. कप गेला असता खड्ड्यात. तुमचा पाय वाचला असता."

"वाचला असता," तोकूसान म्हणाली.

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. तोकूसाननं डोळे उघडले आणि तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, माया म्हणावी तर तीही नेहमीसारखीच आडून.

"तू उचलत बस हवं तर," ती म्हणाली. "मी मात्र चालत वर आले. माझी मी. सगळ्यांनी बघितलं." मग तिनं कूस वळवली आणि थोड्याच वेळात तिला शांत झोप लागली. मित्सुए तिथंच बसून राहिली.